शिलावर्तुळे कोणी रचली? कधी रचली?

४ सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेला, बोरीजवळच्या टाकळघाट या गावी दगडांची काही जुनी वर्तुळे उकरण्याचे काम चालू होते. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल ती पाहायला गेले होते आणि त्यांच्याबरोबर होते स्टीफन हिस्लॉप. हिस्लॉप हे स्कॉटलंडहून आलेले धर्मोपदेशक. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा काढली होती. पण धर्मप्रसार आणि शाळा यांत मावेल एवढाच त्यांचा व्याप नव्हता. नागपूर परिसरातील खडक, त्यांतील वनस्पतींचे जीवाश्म, गोंडांची भाषा आणि चालीरीती या सगळ्यांचा त्यांनी अभ्यास केला होता. हिस्लोपाइट या खनिजाला त्यांचेच नाव दिलेले आहे. त्या दिवशी वर्तुळे पाहून परतताना पावसाने भरलेला ओढा ओलांडत असता हिस्लॉप बुडून मरण पावले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे नाव सर्वांना माहीत असते. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्यांचा शेवटचा दिवस शिलावर्तुळे पाहण्यात गेला होता, हे फारसे कोणाला माहीत नसते.

काय होते त्या वर्तुळांत? ती कोणी रचली आणि केव्हा? १८६३ मध्ये या प्रश्नांचे उत्तर कोणाजवळही नव्हते. उत्तर मिळायला शंभरहून अधिक वर्षे लागली. मधल्या काळात बरीच चुकीची उत्तरे दिली गेली आणि ती देणारे लोक अडाणी नव्हते, चांगले अभ्यासू होते. ते कोठे चुकले आणि ती चूक कशी सुधारली गेली, हे समजून घेणे विज्ञान शिकवणाऱ्याला इतिहास शिकवणाऱ्याइतकेच उपयोगाचे आहे.

वर्तुळ म्हणजे काय?

नागपूरहून काटोलच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की जुनापाणी लागते. तेथील माळावर अशी शेकडो वर्तुळे आहेत. माहूरझरी, खापा, नायकुंड, रायपूर, भागीमहारी, खैरवाडा अशी विदर्भातील आणखी कितीतरी गावे या वर्तुळांसाठी पुरातत्त्वज्ञांना परिचित आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते. स्टोनहेंजची छायाचित्रे पाहून आपण उंच उभ्या शिळांची अपेक्षा धरलेली असते. येथे असतात गुडघ्याएवढे, फार तर कमरेएवढे काळे दगड, एकमेकांना चिकटून गोलाकार मांडलेले. वर्तुळाच्या आतली जमीन आजूबाजूपेक्षा थोडी उंच असते. तेथे माती आणि गोटे भरलेले असतात. या भरावाखाली माणसांची हाडे सापडतात, बहुधा अपुरी आणि विस्कळीत. शिवाय मातीची भांडी, लोखंडाची हत्यारे, तांब्याची भांडी आणि मणी. थोडक्यात, ही थडगी आहेत. मोठ्या दगडांचा वापर करून उभारलेल्या अशा स्मारकांना महापाषाणीय किंवा बृहदश्मयुगीन स्मारके म्हणतात.

असे एक वर्तुळ रचायला किती श्रम लागले असतील? वर्गात फळ्यावर करता येईल असे हे गणित आहे. वर्तुळाचा व्यास १२ मीटर धरू. परीघ झाला सुमारे ३८ मीटर. प्रत्येक दगड १ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच धरला तर त्याचे आकारमान पाव घनमीटर होते. काळ्या पाषाणाची घनता पाण्याच्या २.९ पट घेतली, तर एका दगडाचे वजन सुमारे ७२५ किलो. असे ३८ दगड म्हणजे साडेसत्तावीस टन. आतला भराव सरासरी १ मीटर जाडीचा असेल तर तो ११३ घनमीटर भरतो. एका टोपलीत १५ लिटर माती मावते असे मानले तर सुमारे साडेसात हजार टोपल्या. पन्नास माणसांनी रोज प्रत्येकी २५ टोपल्या टाकल्या, तर सहा दिवसांत भराव पुरा होतो. दगड आणून मांडण्याचे दिवस त्यात मिळवा. आकडे आपण धरलेले आहेत, पण त्यांत दीडपट-दुप्पट फरक पडला तरी निष्कर्ष बदलत नाही. एका मध्यम गावाने मनावर घेतले तर पंधरवड्यात होणारे हे काम आहे. त्यासाठी राक्षस लागत नाहीत, परदेशी कारागीर लागत नाहीत आणि हरवलेली एखादी गूढ विद्याही लागत नाही. एवढ्या लोकांनी शेताची कामे बाजूला ठेवून एका मृतासाठी राबावे, अशी समाजाची घडी मात्र लागते.

ओळखीचा आकार, ओळखीचे नाव

एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी हे गणित मांडले नाही. त्यांनी आकाराकडे पाहिले. हे स्वाभाविकच होते. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात दगडांची वर्तुळे, उभ्या शिळा आणि शिळांच्या थडग्या त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या होत्या. तशाच रचना दख्खनच्या माळावर दिसल्यावर त्यांना आपल्या घरचीच आठवण झाली.

मेडोज टेलर हे यांतले पहिले महत्त्वाचे नाव. शोरापूर संस्थानात अधिकारी असताना, १८५० च्या सुमारास, त्यांनी तेथील थडगी काळजीपूर्वक खणली. थरांचे छेद रेखाटले, कोणती वस्तू कोठे सापडली ते मांडून ठेवले. त्या काळात युरोपातही इतके शिस्तीचे उत्खनन क्वचित होत असे. पण आपल्या निबंधाला शीर्षक देताना त्यांनी दख्खनमधील या स्मारकांना केल्टिक, ड्रुइडी किंवा स्किथियन अशी विशेषणे लावली. केल्ट हे पश्चिम युरोपातील प्राचीन लोक, ड्रुइड हे त्यांचे पुरोहित आणि स्किथियन म्हणजे मध्य आशियातील घोडेस्वार टोळ्या. तीनही नावे बाहेरची. शोरापूरच्या थडग्यांत शोरापूरचेच लोक पुरलेले असतील, ही शक्यता शीर्षकात कोठेच नव्हती.

जुनापाणीची वर्तुळे १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने खणली आणि १८७९ मध्ये त्यांचा वृत्तांत छापला. तेथे मिळालेल्या काही वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. जुनापाणीच्या काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे लहान खळगे आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधील शिळांवरही तसेच खळगे आहेत. हे साम्य पाहून कार्नॅक हरखून गेले. युरोपातून आणि भारतातून अशा खुणा गोळा करून त्यांचा संबंध जोडण्याचा त्यांनी प्रयत्न केला.

त्याच सुमारास, १८७२ मध्ये, भारतीय वास्तुकलेचे नामांकित अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी जगभरच्या पाषाणस्मारकांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते स्टोनहेंज रोमन लोक ब्रिटनमधून निघून गेल्यानंतरचे, म्हणजे अवघे चौदाशे वर्षांपूर्वीचे होते. आज आपल्याला माहीत आहे की हा अंदाज सुमारे तीन हजार वर्षांनी चुकला होता! फर्ग्युसनसारख्या माणसाची एवढी चूक का व्हावी? कारण सरळ आहे. दगड कधी मांडला गेला हे दगड पाहून कळत नाही. खडकाचे वय काढले तर तो लाव्हा थंड होऊन किती काळ लोटला ते कळेल. जुनापाणीचा काळा पाषाण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तो उचलून वर्तुळात कोणी आणि कधी ठेवला, हे त्या आकड्यावरून समजत नाही.

हातात कालमापनाचे साधन नसले की माणूस साम्याचा आधार घेतो. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की एकीवरून दुसरी आली असणार, असे तो म्हणतो. मग कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे आपल्या समजुतीप्रमाणे ठरवतो. ही सवय केवळ भारताबद्दल नव्हती. खुद्द युरोपातही तीच चालू होती. ती कशी मोडली गेली ते आधी पाहू, म्हणजे विदर्भातील काम समजायला सोपे जाईल.

युरोपचा भ्रमनिरास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपीय पुरातत्त्वात एक समजूत पक्की होती. शहाणपण पूर्वेकडून आले. इजिप्त आणि मेसोपोटेमियात लेखन होते, राजे होते, राजांच्या याद्या होत्या. त्यामुळे तेथील काळ ठाऊक होता. तेथून स्थापत्याची विद्या ग्रीसला, तेथून भूमध्य समुद्राच्या कडेने स्पेनला, मग ब्रिटनीला आणि शेवटी ब्रिटनला पोचली असे मानले जाई. म्हणजे ब्रिटनीतील शिळांची थडगी इजिप्तच्या पिरॅमिडनंतरची असलीच पाहिजेत आणि स्टोनहेंज त्याहूनही अलीकडचे. १९५३ मध्ये रिचर्ड ॲटकिन्सन यांना स्टोनहेंजच्या एका शिळेवर कोरलेली कट्यारीची आकृती दिसली. ती ग्रीसमधील मायसीनीच्या कट्यारीसारखी वाटली. मायसीनीचा काळ इ.स.पू. १६०० ते १५००. तेव्हा मायसीनीच्या जगातून आलेल्या कोणा वास्तुविशारदाने स्टोनहेंज उभारून घेतले असावे, असा तर्क पुढे आला. ब्रिटनमधील रानटी लोकांना एवढे कसे जमणार, असा भाव त्यामागे होताच.

याच सुमारास अमेरिकेत विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये कार्बन-१४ ची कालमापन पद्धत सिद्ध केली होती. तिचे तत्त्व आपल्या परिचयाचे आहे. वातावरणात विश्वकिरणांमुळे कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी अणू सतत तयार होत असतो. झाडे तो कर्बवायूबरोबर घेतात, प्राणी तो झाडांपासून घेतात. जीव मेला की आवक थांबते आणि असलेला साठा घटत जातो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कोळशात मुळच्या सुमारे ७४ टक्के कार्बन-१४ शिल्लक असतो. तो मोजला की काळ कळतो. लिबींना १९६० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र या गणितात एक गृहीत होते. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखेच होते, असे लिबींनी मानले होते. ते खरे आहे का, हे तपासायला ज्यांचे वय दुसऱ्या मार्गाने माहीत आहे अशा वस्तू हव्यात. त्या कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत सापडल्या. तेथील ब्रिसलकोन पाइन ही झाडे चार हजारांहून अधिक वर्षे जगतात. जिवंत झाडांच्या वार्षिक कड्या आणि मेलेल्या खोडांच्या कड्या एकमेकींशी जुळवून हजारो वर्षांची अखंड मालिका तयार झाली. प्रत्येक कडीचे वर्ष ठाऊक. तिच्यातला कार्बन-१४ मोजायचा आणि ताळा पाहायचा. हान्स स्यूस यांनी १९६७ मध्ये हा ताळा प्रसिद्ध केला, तेव्हा दिसले की इ.स.पू. १००० च्या मागे जावे तसतशी कार्बनची वये खऱ्या वयापेक्षा कमी भरतात. इ.स.पू. ३००० च्या आसपास हा फरक पाच-सहाशे वर्षांचा होतो.

ही दुरुस्ती लावताच जुना नकाशा कोलमडला. ब्रिटनीतील सर्वांत जुनी थडगी इ.स.पू. ४५०० च्या सुमाराची ठरली, पिरॅमिडच्या जवळजवळ दोन हजार वर्षे आधीची. स्टोनहेंजच्या खंदकाच्या तळाशी, तो खणणाऱ्यांनी टाकून दिलेल्या सांबरशिंगांच्या कुदळी सापडल्या होत्या. शिंग हा सजीवाचा भाग, तेव्हा त्यात कार्बन आहे. त्यांवरून खंदक इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा ठरला. प्रचंड शिळा उभारल्या गेल्या त्या इ.स.पू. २५०० च्या आसपास. मायसीनीचे वैभव त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी आले. शिष्य गुरूच्या आधी जन्माला येत नाही! कट्यारीची आकृतीही शिळा उभारल्यावर कित्येक शतकांनी स्थानिक लोकांनी कोरलेली आहे, असे आता मानले जाते. कॉलिन रेन्फ्रू यांनी या सर्वांचा अर्थ १९७३ च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट शब्दांत मांडला. ही स्मारके त्या त्या प्रदेशातील शेतकऱ्यांनी स्वतःच्या बुद्धीने उभारली होती.

पुन्हा टाकळघाट

हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर १०५ वर्षांनी त्याच परिसरात पुन्हा कुदळ पडली. १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने प्रा. शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा येथे उत्खनन केले. त्याआधी १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीची काही वर्तुळे शास्त्रशुद्ध रीतीने खणली होती. पण केवळ वर्तुळे खणून भागत नाही. वर्तुळ हे मेलेल्यांचे घर. जिवंत माणसे कोठे राहत होती? टाकळघाट-खापाचे महत्त्व येथे आहे. खाप्याला वर्तुळे आहेत आणि जवळच टाकळघाटला जुन्या वस्तीचे पांढरीचे टेकाड आहे. दोन्ही ठिकाणी एकाच प्रकारची काळी-तांबडी मातीची भांडी मिळाली. वर्तुळातील लोक आणि वस्तीतील लोक एकच, हे जोडण्याचा दुवा म्हणजे ही खापरे.

वस्तीत चुली असतात. चुलीत कोळसा असतो. टाकळघाटच्या थरांतील कोळसा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत तपासला गेला. वय आले अडीच हजारांहून किंचित जास्त वर्षे, अधिक-उणे सुमारे शंभर. कार्बन कालमापनात ही वर्षे १९५० पासून मागे मोजतात. म्हणजे साधारण इ.स.पू. ६०० चा सुमार.

येथेही झाडांच्या कड्यांचा ताळा लावावा लागतो आणि नेमके येथेच निसर्गाने एक अडचण करून ठेवली आहे. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण अशा रीतीने घटत गेले की इ.स.पू. ७५० मध्ये तोडलेले लाकूड आणि इ.स.पू. ४५० मध्ये तोडलेले लाकूड यांची कार्बनची वये आज जवळजवळ सारखीच भरतात. आलेखावर या जागी रेषा आडवी होते. जगभरचे पुरातत्त्वज्ञ या चार शतकांना वैतागलेले असतात आणि विदर्भाची वर्तुळे बरोबर त्यांतच येतात. म्हणून कोणी एखाद्या वर्तुळाचे अचूक वर्ष सांगू लागला तर सावध व्हावे. इ.स.पू. ८०० ते ४०० एवढे मात्र खात्रीने म्हणता येते. ढोबळ मानाने हा गौतम बुद्धाच्या आधीचा आणि त्याच्या आसपासचा काळ.

आता स्टोनहेंजशी तुलना करू. तेथील मोठ्या शिळा इ.स.पू. २५०० च्या. जुनापाणीचे दगड त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांचे. तेथे शिळा उभारणाऱ्यांना लोखंड माहीत नव्हते. येथे थडग्याथडग्यात लोखंड आहे. वर्तुळ हा आकार दोहोंत समान आहे, यापलीकडे नाते जोडणारा पुरावा नाही. आणि वर्तुळ हा आकार तरी किती विशेष? मधोमध एक खुंटी, तिला दोरी, दोरीच्या टोकाला काटकी. जगातील कोणालाही सुचेल असा हा आकार आहे. मृताची आठवण राहावी म्हणून दगड उभा करणे, ही कल्पनाही कोणा एकाची मिरास नाही. मेघालयातील खासी, छोटा नागपूरमधील मुंडा, गडचिरोली-बस्तरकडील माडिया यांच्यात मृतांसाठी दगड मांडण्याची रीत अगदी अलीकडपर्यंत जिवंत राहिली आहे. त्यांना ती इंग्लंडहून कोणी शिकवलेली नाही. आणि केवळ या रीतीवरून त्यांना जुनापाणीवाल्यांचे वंशज ठरवणे, हीसुद्धा पुन्हा तीच जुनी चूक होईल.

कोण होते हे लोक?

तरीही बाहेरून आलेल्या भटक्या घोडेस्वारांची कल्पना सहजासहजी गेली नाही. त्यालाही कारण होते. विदर्भातील वर्तुळांत घोडे सापडतात. घोड्यांची हाडे, लोखंडी लगामाच्या कड्या, आणि माहूरझरीसारख्या ठिकाणी घोड्याच्या मस्तकावर चढवायचा तांब्याचा साजसुद्धा. मालकाबरोबर घोड्याचाही बळी दिला जात असावा. वस्त्या सापडत नव्हत्या तोपर्यंत, हे लोक जनावरे घेऊन फिरणारे असावेत आणि जाता जाता थडगी बांधत असावेत, असे म्हणणे सोपे होते. इंग्रजी अमदानीतील नोंदींप्रमाणे गावकरीही या वर्तुळांचा संबंध जुन्या काळच्या गवळ्यांशी जोडत.

वस्त्या खणल्या गेल्या तसे चित्र बदलले. पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे १९७७ ते १९८० या काळात प्रा. देव आणि अरविंद जामखेडकर यांनी उत्खनन केले. तेथे लोखंड गाळण्याची एक लहानशी भट्टी मिळाली. बाक दिलेल्या मातीच्या विटांची गोल भट्टी, भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या आणि भोवती धातूची मळी. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी तिचा रासायनिक अभ्यास केला. ही भट्टी इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुमाराची मानली जाते.

या भट्टीतले रसायन दहावीच्या वर्गाला समजेल असे आहे. शुद्ध लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते. कोळशाच्या लहान भट्टीत एवढे तापमान गाठता येत नाही. पण त्याची गरजही नसते. अकराशे-बाराशे अंशांना कोळशापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो आणि लोखंड न वितळताच मोकळे होते. खनिजातील वाळू-मातीचा भाग थोड्या लोह ऑक्साइडशी संयोग पावून मळी बनते आणि वितळून वाहून जाते. मागे राहतो स्पंजासारखा लोखंडाचा गोळा. तो तापवून ठोकत राहिले की उरलेली मळी निघून जाते आणि घडाऊ लोखंड मिळते. पुस्तकात सूत्र म्हणून लिहिलेली ही क्रिया पेंचेच्या काठी कोणीतरी हाताने, डोळ्यांनी आणि अंदाजाने साधली होती. खनिज कोठून आणायचे, कोळसा किती घालायचा, भाता किती वेळ चालवायचा हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मुरल्याशिवाय येत नाही आणि ते एका जागी पाय रोवल्याशिवाय मुरत नाही.

नायकुंड, भागीमहारी अशा वस्त्यांतील मातीत जळून काळे झालेले धान्याचे दाणेही मिळाले. जळालेला दाणा कुजत नाही, त्यामुळे अडीच हजार वर्षांनंतरही तो ओळखता येतो. डेक्कन कॉलेजच्या एम. डी. काजळे यांनी ते तपासले. तांदूळ, गहू, जव, मसूर, वाटाणा अशी पिके निघाली. म्हणजे खरीपही आणि रब्बीही. दोन्ही हंगामांची शेती करणारा समाज वर्षभर गावात असतो. माहूरझरी येथे २००१ ते २००४ या काळात आर. के. मोहंती यांनी वस्तीचे उत्खनन केले, तेव्हा अकीक-गारगोटीसारख्या दगडांचे मणी बनवण्याचे ते मोठे केंद्र होते हे दिसून आले. तांब्याच्या भांड्यांच्या झाकणांवर पक्ष्यांच्या आकृत्या बसवणारे तांबट या समाजात होते, लोहार होते, मणियार होते आणि शेतकरी तर होतेच. घोडा बाहेरून आला असेल. व्यापार होता, येणे-जाणे होते, काही कुटुंबे दुरून येऊन राहिलीही असतील. पण गाव उभे होते ते येथल्याच मातीवर.

दगडांवरच्या खळग्यांचे कोडे मात्र अजून सुटलेले नाही. जुनापाणीला खळगे असलेले दगड वर्तुळाच्या काही ठराविक दिशांनाच आढळतात, असे निरीक्षण टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील खगोलशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये मांडले आणि त्याचा आकाशनिरीक्षणाशी संबंध असावा असे सुचवले. कल्पना आकर्षक आहे. अशा वेळी विज्ञानाच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारायला शिकवावे. शेकडो दगड आणि आकाशातील डझनभर दिशा घेतल्या, तर त्यांतील काही केवळ योगायोगानेही जुळणार नाहीत का? उत्तर मिळवायचे तर जुळणाऱ्या दगडांबरोबर न जुळणारेही मोजले पाहिजेत आणि दुसऱ्या गावच्या वर्तुळांवर तोच नियम लावून पाहिला पाहिजे. स्टोनहेंजवरची मायसीनी कट्यार आपण विसरता कामा नये.

शिक्षकांसाठी थोडेसे

आता या लेखाच्या मुळाशी असलेल्या मुद्द्याकडे येतो. वर्तुळांचे वय दगडांनी सांगितले नाही. ते चिमूटभर कोळशाने सांगितले. कोळसा आणि वर्तुळ यांचे नाते खापरांनी सांगितले. आणि खापरे एका थरातली आहेत हे न ढवळलेल्या मातीने सांगितले. या साखळीतील एक कडी तुटली तर उरलेल्या वस्तू नुसत्या जुन्या वस्तू होतात. काचेच्या कपाटात शोभतील, पण बोलणार नाहीत. एकोणिसाव्या शतकात उकरलेल्या वर्तुळांचे बहुतांशी असेच झाले.

आजचा धोका वेगळा आहे. नांगर, ट्रॅक्टर, मुरमाच्या खाणी, रस्त्यांची खडी आणि शहराभोवती पडणारे घरांचे प्लॉट. जुनापाणी हे केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहे. १९५८ चा केंद्राचा कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आहे. पण विदर्भातील अनेक वर्तुळे यादीबाहेर, कोणाच्या तरी शेतात किंवा गायरानात पडून आहेत. ती हलवणाऱ्याला आपण काय हलवतो आहोत हे ठाऊकही नसते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ते त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

हे सांगण्याचे काम शाळा करू शकते. आपल्या गावाजवळ वर्तुळे असतील तर विद्यार्थ्यांना घेऊन जावे. दोरी, टेप आणि होकायंत्र एवढे साहित्य पुरते. व्यास मोजावा, दगड मोजावेत, सर्वांत मोठ्या दगडाच्या वजनाचा अंदाज करावा, खळगे असतील तर कोणत्या दिशेला आहेत ते टिपावे, एकूण वर्तुळांचा नकाशा काढावा. असा दगड जवळपास कोठे मिळतो तेही शोधावे. पण कुदळ, फावडे, सळई यांपैकी काहीही बरोबर नेऊ नये. वर पडलेले खापर पाहावे, त्याचे चित्र काढावे आणि जागेवर ठेवून यावे. मोह फार होतो, पण मोह आवरणे हाच या सहलीतला मोठा धडा आहे. परवानगीशिवाय खणणे हा गुन्हा आहे, हे तर आहेच. त्याहून मोठे कारण असे की उत्खनन हा एकदाच करता येणारा प्रयोग आहे. प्रयोगशाळेतली परीक्षानळी फुटली तर दुसरी घेता येते. वर्तुळ एकदा ढवळले की ते पुन्हा पहिल्यासारखे मांडता येत नाही.

असा नकाशा तयार झाला तर त्याची एक प्रत पुरातत्त्व खात्याला आणि एक ग्रामपंचायतीला द्यावी. पाच वर्षांनी पुढच्या तुकडीने तोच नकाशा घेऊन पुन्हा जावे आणि किती दगड जागेवर आहेत ते मोजावे. टाकळघाटच्या चुलीतला कोळसा शंभर वर्षे आणखी जपला गेला म्हणून आपल्याला उत्तर मिळाले. आज आपल्याला न सुटणारे प्रश्न पुढच्या कोणाला तरी अधिक चांगल्या साधनांनी सोडवता येतील. तोपर्यंत ती माती तेवढी शिल्लक राहिली पाहिजे.